मागची रुंद चाकं

काळुराम ठाकूर कुठल्याही गाडीत बसण्याआधी वाकतो. एसटी असो, सहा आसनी रिक्षा असो की फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी, तो आधी मागच्या चाकाशी उकिडवा बसतो, टायरच्या आतल्या बाजूवरून बोटं फिरवतो आणि मगच दाराला हात लावतो. पेणच्या स्टँडवरचे जुने कंडक्टर त्याला ओळखून आहेत. एकाने त्याला विचारलं होतं, "काळूशेट, तिकीट तुमचं फाडू का टायरचं?" काळुरामने बोटं पुसली आणि तो आत जाऊन बसला.

पेण सोडून वडखळकडे निघालं की डाव्या हाताला त्याचं टायरचं दुकान लागतं. पुढे पत्र्याची शेड, मागे जुन्या टायरांचा ढीग आणि रस्ता व दुकान यांच्यामध्ये एक उघडं गटार. गटारावर एक जाड फळी टाकलेली असते. गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, माणसं फळीवरून आत येतात.

महामार्गावर अपघात झाला की त्या गाडीची चाकं कधी ना कधी या दुकानात येतात. कुणी उरलेले दोन चांगले टायर विकायला आणतो, कुणी चाकाची वाकलेली लोखंडी डिस्क सरळ होते का ते विचारायला. काळुराम टायर हातात घेतो आणि त्याला कळतं. इथे ब्रेक लागला, इथून रबर घासत गेलं, इथे कडा फाटली. आणलेला माणूस सांगत असतो की ड्रायव्हरला काही झालं नाही, आणि काळुरामला ते खोटं आहे हे समजलेलं असतं. वर्षानुवर्षं असे टायर हाताळून त्याच्यात एक भीती बसली आहे. तिच्याबद्दल तो बोलत नाही. ती फक्त त्याच्या वाकण्यात दिसते. स्वतःची मोटरसायकल तो सायकलीच्या वेगाने चालवतो.

तो मूळचा धरमतर खाडीकाठच्या गावचा, मिठागरावर वाढलेला. त्याची आई धोंडुबाई मिठाच्या टोपल्या डोक्यावरून खाडीत उभ्या असलेल्या मचव्यापर्यंत, मालाच्या होडीपर्यंत, वाहायची. मिठागर आणि मचवा यांच्यामध्ये गुडघाभर चिखल. त्यावर रुंद फळ्या टाकत जायचं आणि फळ्यांवरून चालायचं. मोकळा पाय टाकला तर माणूस मांडीपर्यंत रुतायचा. फळीवर डोक्यावर भरली टोपली असली तरी बाई रुतत नसे. जागा रुंद, म्हणून भार पसरतो. हे त्याला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. पुढे मिठागरं बंद पडत गेली, तो वडखळच्या एका पंजाबी माणसाकडे ट्रकच्या टायरचं काम शिकला आणि मग त्याने स्वतःची शेड टाकली. दुकानात आलेल्या कुठल्याही माणसाला तो रबराची गोष्ट फळीवरूनच समजावून सांगायचा.

मुलगी शकू रोह्याला दिली. जावई पोपट तिथल्या एका रसायनाच्या कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. सरळ, कष्टाळू, दारूचं नाव नाही. त्याला वेड एकच, गाड्यांचं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत त्याने पनवेलच्या एका डॉक्टरकडून चंदेरी रंगाची जुनी जर्मन गाडी घेतली. दिसायला साधी, पण इंजिन दांडगं आणि सगळी ओढ मागच्या चाकांवर. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींना पुढची चाकं ओढून नेतात. हिला मागची ढकलतात. पोपट हे सांगायचा तेव्हा घरातल्या दुभत्या म्हशीचं कौतुक केल्यासारखा सांगायचा.

जानेवारीत शकू माहेरी आली आणि स्वयंपाकघरात आईशी, हौसाशी, बोलत बसली. काळुराम पडवीत होता. कोलाडच्या वळणावर खडी सांडली होती, पोपटने वळणातच गाडी दाबली आणि गाडीची शेपूट बाहेर फिरली, असं ती सांगत होती. सावरली, पण समोरून येणारा डंपर तिला दाराच्या काचेतून दिसला. समोरच्या काचेतून नव्हे, दाराच्या.

हौसा म्हणाली, "काय गो, मग तू काय केलंस?"

"काय करनार? डोळं मिटलं."

काळुराम उठून अंगणात गेला. त्या रात्री तो जेवला नाही, असं हौसा सांगते.

आठवड्याने पोपट स्वतःच दुकानात आला. शकूने घरी सांगितलंय हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याच्याकडे उपाय होता. मागची चाकं रुंद करायची. त्याने सगळं वाचून ठेवलं होतं. ताकद मागच्या चाकांवर येते, वळणात पाय दिला की रबराची पकड सुटते. मागे जास्त रबर जमिनीला लावलं तर पकड वाढेल. पुढे आहे तेच राहू द्यायचं. मोठ्या गाड्या कंपनीतूनच अशा येतात, मागे रुंद, पुढे अरुंद.

काळुरामने ऐकून घेतलं. खरं तर त्याला गाडी विकून टाका असं सांगायचं होतं. पण जावयाला ते सांगता येत नाही, आणि सांगितलं तर तो ऐकणार नाही हेही दिसत होतं. शकू त्या गाडीत बसणारच होती. मग तिच्या बुडाखाली काय असेल ते निदान आपण ठरवावं, असा त्याने विचार केला. आणि रुंद गोष्ट रुतत नाही, घसरत नाही, यावर त्याचा लहानपणापासून विश्वास होता.

"करू या, पोपटराव," तो म्हणाला. "पण घाई नाय. मी बघीन तसंच."

त्याने खरोखरच नीट पाहिलं. मूळ टायर २२५ चा होता, म्हणजे रुंदी सव्वादोनशे मिलिमीटर. पोपटला २७५ हवा होता. काळुरामने चाकाच्या आत हात घालून दोन्ही बाजूंची जागा मोजली. आतल्या अंगाला शॉकअप, बाहेरच्या अंगाला मडगार्डची दुमडलेली कड. चाक फार आत बसवलं तर शॉकअपला घासणार, फार बाहेर काढलं तर खड्ड्यात गाडी बसताना कड टायरला कापणार. आणि बाहेरून हवा भरून टणक दिसणारा टायर आतून कापला जातो तेव्हा कुणालाच कळत नाही, ते फक्त वाकून बोट फिरवणाऱ्याला कळतं. तो २५५ वर थांबला. टायर रुंद झाला की उंचीही वाढते आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक पडतो, म्हणून बाजूची भिंत एक नंबर कमी घेतली. डिस्क एक इंच रुंद घेतली, म्हणजे टायर तिच्यावर फुगून बसणार नाही.

मग त्याने त्याच मापाचे जुने टायर तात्पुरते चढवून परीक्षा घेतली, ती पेणच्या पद्धतीने. ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यातून ओली शाडूची माती आणली, तिची वात वळून मडगार्डच्या आतल्या कडेला आणि शॉकअपला लावली. मागच्या सीटवर आणि डिकीत मिठाच्या गोण्या ठेवल्या, चार माणसं आणि सामान होईल इतक्या. गाडी खड्ड्यांतून आणि गतिरोधकावरून फिरवून आणायला लावली. परत आल्यावर तो बॅटरी घेऊन खाली झोपला. माती जशी लावली तशीच होती, तिच्यावर रबराची रेघसुद्धा नव्हती. पोपट म्हणाला, "मामा, डॉक्टरसुद्धा एवढं तपासत नाय."

राहिला प्रश्न टायर कुठला घ्यायचा. पनवेलच्या व्यापाऱ्याने दोन नमुने पाठवले होते. एकाला चार खोल सलग खाचा होत्या आणि कडेपर्यंत बारीक चिरा. दुसऱ्याला खाचा अगदी थोड्या, रबराचे मोठे मोठे सपाट ठोकळे आणि रबर मऊ. काळुरामने दोन्ही टायर उभे केले, त्यांच्या वरच्या अंगावर तळहात दाबला. पहिल्यात हाताखाली निम्म्या जागी पोकळी. दुसऱ्यात सगळा तळहात भरून रबर.

"खाचेची जागा जमिनीला लागत नाय," तो म्हणाला. "ही बघा, ही फळी हाय. हा घ्या."

पोपटला तोच हवा होता. दिसायलाही तोच बरा होता.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. गाडी वळणात रुळावरून गेल्यासारखी जायची. शकूने फोनवर सांगितलं की आता शेपूट हलत नाही, भीती गेली. काळुराम रात्री पडल्या पडल्या झोपू लागला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसे रस्त्याला खड्डे पडले, आणि पोपटची गाडी जमिनीला लागेल म्हणून त्याने ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि तो कंपनीच्या बसने जाऊ लागला. त्यामुळे त्या चाकांनी पावसाचं पाणी पाहिलंच नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी ते दोघं पेणला यायचे होते. एसटीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून पोपटने ताडपत्री काढली.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. नागोठण्याला अंबा नदी पुलाजवळ चढलीय, असं येणारे-जाणारे सांगत होते. दुकानापुढचं गटार काठोकाठ वाहत होतं आणि फळीच्या खालच्या अंगाला पाणी टेकलं होतं. दुपारी हिरामण आला. हा पेणमधला टेम्पोवाला. भादव्यात तो फक्त गणपती वाहतो. टेम्पोत प्लास्टिकने गुंडाळलेली एक मूर्ती होती, कासूच्या एका घरची. त्याला मागच्या चाकात हवा हवी होती. तो टेम्पोतून उतरला आणि नेहमीसारखा फळीवर पाय टाकून आत यायला निघाला.

फळी मोडली नाही. ती एका अंगाला वाकलीही नाही. ती नुसती आडवी सरकली, पाण्यावर ठेवलेल्या पानासारखी, आणि हिरामण तिच्यावरून थेट गटारात बसला.

"काळूशेट," तो कमरेइतक्या पाण्यातून म्हणाला, "आज विसर्जन नाय, उद्या आगमन हाय."

काळुराम त्याला हात द्यायला पुढे आला नाही. तो फळीकडे बघत उभा राहिला होता.

मिठागरावर एक रीत होती. फळ्यांवरून टोपल्या वाहताना काठावरचा माणूस पाण्याकडे लक्ष ठेवायचा. भरतीचं पाणी चिखलावर पसरू लागलं की तो ओरडायचा, "फळी उचला." सगळ्या बाया थांबायच्या. फळी जोवर चिखलावर टेकलेली असते तोवर ती धरून ठेवते. तिच्याखाली बोटभर पाणी शिरलं की तीच फळी माणसाला घेऊन पळते. जितकी रुंद, तितकी लवकर. अशा वेळी धोंडुबाई फळी सोडून चिखलात उतरायची आणि मांड्यांपर्यंत रुतत यायची. रुतलेलं माणूस वाहून जात नाही.

हे काळुरामला लहानपणापासून माहीत होतं. रुंद ते रुतत नाही, हे अर्धंच त्याने आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. उरलेलं अर्धं त्याला कधी लागलं नव्हतं, कारण त्याचा बहुतेक धंदा ट्रकचा. ट्रकच्या टायरवर इतका भार आणि आत इतकी हवा असते की तो पाणी कापून डांबरापर्यंत जातोच. हलक्या मोटारीचा रुंद, सपाट, कमी खाचांचा टायर पाण्यात बुडायला हवा आणि तो बुडणार नाही. खाचा असतात त्या पाण्याला वाट द्यायला. ती वाट त्याने स्वतः तळहात ठेवून नाकारली होती.

त्याने शकूला फोन लावला. फोन लागत नव्हता. पोपटचा लागला आणि वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. याचा अर्थ तो गाडी चालवत होता. घरी फोन करून हौसाला विचारलं तेव्हा ती म्हणाली की जेवून निघालेत, एव्हाना नागोठणं सोडलं असेल.

गाडीची जुनी मागची चाकं शेडमध्ये वळचणीला लावून ठेवली होती. काळुरामने ती ओढून काढली, जॅक आणि पाना घेतला आणि सगळं हिरामणच्या टेम्पोत टाकलं. मूर्तीच्या एका बाजूला एक चाक, दुसऱ्या बाजूला एक. हिरामणने भिजलेल्या कपड्यांनिशी विचारलं की कुठे. काळुराम म्हणाला, "जिथं भेटतील तिथं." मग तो पुढे हिरामणच्या शेजारी बसला. त्या दिवशी तो वाकला नाही.

रुंदीकरणामुळे रस्ता जागोजागी उखडलेला. काही ठिकाणी खड्ड्यांतून टेम्पो नावेसारखा डुलायचा, मध्येच काँक्रीटचा गुळगुळीत नवा तुकडा लागायचा. खड्ड्यांची काळुरामला भीती नव्हती. खड्ड्यांत पोपट हळू जाणार. त्याला भीती त्या गुळगुळीत तुकड्यांची होती. तिथे पाणी आरशासारखं पसरून उभं होतं, आणि खड्ड्यांतून सुटलेला कुणीही माणूस तिथे पाय दाबणार.

समोरून येणारी प्रत्येक मोटार तो निरखत होता. पावसात सगळ्याच गाड्या चंदेरी दिसतात. एका ठिकाणी गर्दी होती, छत्र्यांचं कोंडाळं, मधे लाल दिवा चमकत होता. हिरामणने वेग कमी केला. काळुरामने काच खाली केली नाही. हिरामणनेच डोकं बाहेर काढून विचारलं आणि परत आत घेतलं. "ट्रक कललाय. मानसं बरी हायत." काळुरामने मान हलवली. तो पुन्हा समोरून येणाऱ्या गाड्या बघू लागला.

कासूच्या पुढे काँक्रीटचा एक लांब तुकडा लागतो. तो संपायच्या आधी रस्त्याच्या कडेला खडीचा ढीग होता आणि ढिगाला पाठ लावून चंदेरी गाडी उभी होती. तिचं तोंड नागोठण्याकडे होतं, ती जिथून आली तिकडे.

काळुरामला आधी गाडीच दिसली, माणसं दिसली नाहीत. टेम्पो थांबण्याआधी त्याने दार उघडलं.

शकू ढिगाच्या पलीकडे मैलाच्या दगडावर बसली होती. अंगावर खरचटलेलंही नव्हतं. पोपट गाडीच्या बाजूला उभा होता, भिजत, छत्री हातात मिटलेली. गाडीने पाण्यात एक पूर्ण गिरकी आणि वर अर्धी घेतली होती. त्या वेळी समोरून कुणी येत नव्हतं, म्हणून ही गोष्ट एवढीच आहे. पाठीमागचा बंपर फुटला होता.

"मामा, मी जोरात नव्हतो," पोपट म्हणाला. "ब्रेक नाय, वळन नाय. सरळ चाललो होतो. एकदम गाडीची पाठ हलकी झाली. खाली कायच नाय असं."

"सत्तर होता," शकू दगडावरून म्हणाली. "मी काट्याकडं बघत होते. या वेळी डोळं मिटलं नाय."

काळुराम चाकाशी उकिडवा बसला. त्याने टायरवरून बोटं फिरवली. टायर नवाच होता, सगळे ठोकळे शाबूत, कुठेही घासल्याची खूण नाही. अपघाताच्या टायरवर काही ना काही लिहिलेलं असतं. यावर काहीच नव्हतं, कारण तो जमिनीला लागलाच नव्हता.

"तुमची चूक नाय, पोपटराव," तो म्हणाला. "पान्यावर फळी मी टाकली."

पोपटला ते समजलं नाही. शकूला समजलं. धोंडुबाईने तिलाही ती गोष्ट सांगितली होती.

त्याने तिथेच जॅक लावला. पाऊस थांबला नव्हता. पोपटने छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली, शकूने काढलेले नट ओढणीच्या टोकात धरले. हिरामण टेम्पोत मूर्तीजवळ उभा राहून म्हणाला की बाप्पा खोळंबलाय, यजमान शिव्या देत असेल. रुंद चाकं टेम्पोत गेली आणि अरुंद जुनी चाकं, चार खोल खाचांची, पुन्हा गाडीला लागली. पेणपर्यंत पोपट तीसच्या वर गेला नाही. काळुराम मागच्या सीटवर बसला होता. वाटेत तो एकच वाक्य बोलला, आणि तेही प्रत्येक गुळगुळीत तुकडा आला की. "फळी उचला." म्हणजे पाय उचला.

हे सगळं मला पहिल्यांदा हिरामणने सांगितलं. काळुराम सांगत नाही, विचारलं तर दुरुस्त करतो.

रुंद चाकं आता दुकानात पत्र्याला टेकून उभी असतात. पोपटने गाडी विकलेली नाही आणि वेडही सोडलेलं नाही. दिवाळी झाली, रस्ते सुकले, तसा तो दुकानात आला आणि विचारू लागला की आता तर सगळं कोरडं आहे, मागे घालायची का. काळुराम म्हणाला, शकूला विचारा. शकूने परवानगी दिली, पण अट घातली. ती चाकं दिवाळीनंतर लागतील आणि वैशाख संपायच्या आत उतरतील, आणि उतरवायचा दिवस ती ठरवेल, हवामान खातं नाही.

गेली तीन वर्षं असं चाललंय. पोपटने मधे एकदा खोल खाचांचे रुंद टायर घेऊ म्हटलं, तेव्हा काळुरामने नमुना मागवला, उभा केला, तळहात ठेवला आणि हात काढून घेतला. ही फळी पाण्यात धरेल की पळेल, हे त्याला अजून ठरवता आलेलं नाही.

दुकानापुढची फळी त्याने आता दोन्ही टोकांना खिळे मारून पक्की केली आहे. पण एप्रिल संपत आला की त्याचं दुकानात लक्ष लागत नाही. धरमतरच्या बाजूला आभाळात कुठे काळं दिसलं तर तो हातातला पाना खाली ठेवतो आणि रोह्याला फोन लावतो. शकू उचलते आणि तो काही बोलायच्या आधीच सांगते, "उतरवली, बाबा. कालच उतरवली." तरी तो विचारतो, कुणी उतरवली, नट कुणी आवळले, तू स्वतः बघितलंस का. शकू सगळी उत्तरं देते. मग तो फोन ठेवतो, आणि पाना उचलायच्या आधी पुन्हा एकदा आभाळाकडे बघतो.